मध्यरात्रीनंतरचा पडदा

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढे बरीच वर्षे ते रोज रात्री बंदही होत असे. शेवटचा कार्यक्रम संपला की निवेदिका निरोप घेई आणि मग पडद्यावर काहीच उरत नसे. संच चालू राहिलाच तर खरखर ऐकू येई आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची झुंबड दिसे. मराठी घरांत याला ‘मुंग्या आल्या’ म्हणत. मुंग्या आल्या म्हणजे आजचा दिवस संपला, संचावर कापडी आच्छादन घाला, असा त्याचा अर्थ होता. मराठी दूरचित्रवाणीवर रात्रीच्या बातम्या कशा आल्या याचा इतिहास म्हणजे या मुंग्या पडद्यावरून कशा गेल्या, त्यांची जागा आधी कोणी घेतली आणि शेवटी कोणाकडे राहिली, याचा इतिहास आहे.

वरळीला उभारलेला सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा हा या प्रक्षेपणाचा कणा होता. वर्षभरात, १९७३ मध्ये, सिंहगडावरून पुण्यालाही चित्र मिळू लागले. आज नवी मुंबईच्या दक्षिण भागात दाट वस्तीचे उपनगर असलेले कामोठे तेव्हा पनवेल तालुक्यातले भातखाचरे आणि खाजणे असलेले गाव होते. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली होती, जमिनींच्या संपादनाची प्रक्रिया सुरू झाली होती, पण सेक्टर, सोसायट्या आणि मानसरोवर स्थानक या पुढच्या गोष्टी. कामोठ्यापासून वरळीचा मनोरा सरळ रेषेत अठ्ठावीसेक किलोमीटर, जवळजवळ नेमका पश्चिमेला. या पट्ट्यात अँटेना लावायचा तो खाडीपलीकडे तोंड करून. वाटेत ठाण्याची खाडी आणि ट्रॉम्बेचा डोंगर. एकाने कौलांवर चढून नळी फिरवायची आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे, हा प्रकार त्या काळी चित्र मिळवण्याचाच भाग होता.

दूरदर्शन रात्री बंद होण्याचे कारण साधे होते. दाखवायला तेवढे काही नव्हते. १९७६ पर्यंत तर दूरचित्रवाणी आकाशवाणीचाच एक विभाग होती. तिच्याकडून अपेक्षा होती ती शेतकऱ्याला, विद्यार्थ्याला, गृहिणीला उपयुक्त काही सांगण्याची. ‘आमची माती, आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’, ‘किलबिल’ यांनी संध्याकाळ भरत असे, आणि बातम्यांना त्यात ठरावीक जागा होती. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे यांच्यासारखी माणसे त्या जागेवर बसून बातम्या वाचत. पुढे ‘सातच्या बातम्या’ हा घड्याळ लावण्याचा संकेतच झाला. बातमी दुपारी घडो की पहाटे, ती सातला कळे. आजच्या वाचकाला हे उणेपण वाटेल, पण त्या व्यवस्थेत एक शिस्त होती. संपादकाला निवड करावी लागे, कारण वेळ संपणार हे त्याला माहीत असे. पुढच्या काळात रात्र मोकळी झाली आणि ही शिस्त प्रथम गेली.

दिवस मात्र दोन्ही बाजूंनी लांबत होता. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगीत चित्र आले, आणि साडेआठ-पावणेनऊनंतरचा वेळ दिल्लीच्या ताब्यात गेला. मराठीला संध्याकाळ मिळाली, रात्र हिंदी-इंग्रजीला. १ मे १९८५ रोजी मुंबईत दुसरी वाहिनी आली. २३ फेब्रुवारी १९८७ पासून सकाळचे प्रक्षेपण, २६ जानेवारी १९८९ पासून दुपारचे. सकाळ, दुपार, संध्याकाळ भरली तरी मध्यरात्रीनंतरचे तास रिकामेच राहिले.

त्याला अपवाद दोन प्रकारचे. एक शोकाचा, दुसरा मोजणीचा. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली. अधिकृत घोषणा संध्याकाळी झाली, तोवर बीबीसी रेडिओवरून ती बातमी देशभर पसरली होती. नंतरचे दिवस दूरदर्शनने तीन मूर्ती भवनातले अंत्यदर्शन तासन्‌तास दाखवले. एकच दृश्य, फारसे निवेदन नाही, आणि देश ते पाहत बसलेला. भारतात ‘सलग’ दाखवण्याची सवय अशी शोकातून लागली. दुसरा अपवाद निवडणूक निकालांचा. मतपत्रिका हाताने मोजल्या जात, मोजणी दिवस-दिवस चाले, रात्रीही चाले. १९८९ च्या निकालांचे प्रणय रॉय आणि विनोद दुआ यांचे सादरीकरण अनेकांना आठवते. निकाल येत नसतील तेव्हा मध्ये हिंदी चित्रपट दाखवला जाई, आणि कल आला की चित्रपट थांबवून आकडे. नायिका रडत असताना मध्येच एखाद्या मतदारसंघाचा निकाल येण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मतदान यंत्रे आल्यावर निकाल दुपारपर्यंत लागू लागले आणि ही जागरणे बंद पडली.

या काळातील रिकाम्या रात्रीची सर्वात कठोर परीक्षा मराठवाड्यात झाली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून गावे नुकतीच झोपली होती, आणि दगडमातीच्या जाड भिंतींची घरे माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली पन्नासाहून अधिक गावे जमीनदोस्त झाली. राज्याची यंत्रणा त्या रात्री विसर्जनाच्या बंदोबस्तामुळे बरीचशी जागी होती. मुख्यमंत्री शरद पवारही जागेच होते. मुंबईत धक्का जाणवताच त्यांनी आधी भूकंपप्रवण कोयनेला चौकशी केली. यंत्रणा जागी होती, दूरचित्रवाणी मात्र झोपलेली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी महाराष्ट्रातल्या कोणत्याही पडद्यावर मराठीत काही सांगणारे कोणी नव्हते. बातमी दूरध्वनीने, पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेने आणि मग आकाशवाणीच्या सकाळच्या बातमीपत्रांनी पसरली. पडद्यावर ती दिवस उजाडल्यावर आली आणि किल्लारीची दृश्ये त्याहून उशिरा.

त्याच सुमारास मुंग्या जायला सुरुवात झाली होती, पण बातमीमुळे नव्हे. १९९१ च्या आखाती युद्धात सीएनएनने बगदादवरचे हल्ले थेट दाखवले. अमेरिकेत १ जून १९८० पासून चालू असलेली ही चोवीस तास बातम्यांची वाहिनी भारतात पहिल्यांदा पाहिली गेली ती मोठ्या हॉटेलांत. त्यापाठोपाठ इमारतींच्या गच्च्यांवर तबकड्या आणि खांबाखांबावरून केबल आली. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला. ही वाहिनी सुरुवातीला काही तासच चालत असे. खरी रात्र भरली ती केबलवाल्याने. त्याच्या खोलीत एक व्हीसीआर असे, त्यात रात्री एक चित्रपट लागे, मागणी असली तर दुसरा. महाराष्ट्रातील पहिली ‘रात्रभर चालणारी वाहिनी’ गल्लीतल्या केबलवाल्याची होती असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही. तिला परवाना नव्हता, वेळापत्रक नव्हते, आणि कॅसेट अडकली की प्रेक्षक थेट केबलवाल्याच्या दारावर जात. १९९५ च्या केबल कायद्याने या धंद्याला नियमांत आणले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असा निर्णय दिला आणि खासगी वाहिन्यांचा पाया पक्का झाला.

मराठीत उपग्रह वाहिनी प्रथम दूरदर्शननेच आणली. १५ ऑगस्ट १९९४ रोजी सुरू झालेली ही वाहिनी ५ एप्रिल २००० पासून ‘सह्याद्री’ झाली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी आली, ती २००५ मध्ये झी मराठी झाली. ९ जुलै २००० रोजी ई टीव्ही मराठी सुरू झाली, आणि तिच्या बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून येऊ लागल्या. सांगलीच्या पुराची किंवा चंद्रपूरच्या उन्हाची बातमी तेलंगी माळावरच्या स्टुडिओतून वाचली जाई, पण जिल्ह्याजिल्ह्यात वार्ताहर नेमण्याची पद्धत या वाहिनीने मराठी दूरचित्रवाणीला लावली. पुढे चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या निघाल्या तेव्हा त्यांना तयार माणसे मिळाली ती बरीचशी अल्फा आणि ई टीव्हीच्या बातमी विभागांतून.

या वाहिन्या रात्री बंद होत नसत, परंतु रात्री नवीनही काही दाखवत नसत. संध्याकाळच्या मालिका मध्यरात्रीनंतर पुन्हा लागत, त्यांच्यामध्ये कंबरपट्टे, भांडी आणि ग्रहशांतीची रत्ने विकणारे लांबलचक कार्यक्रम. मुंग्यांच्या जागी आता कालचाच भाग होता.

इंग्लंडमध्ये हीच रिकामी जागा वेगळ्या प्रकारे भरली गेली. तेथे बीबीसी वन ही मुख्य वाहिनी रात्री राष्ट्रगीत वाजवून बंद होत असे. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी बीबीसीने चोवीस तास बातम्यांची स्वतंत्र वाहिनी सुरू केली आणि त्याच रात्रीपासून बीबीसी वन बंद होणे थांबले. शेवटचा कार्यक्रम संपला की तिच्यावर बातम्यांच्या वाहिनीचेच प्रक्षेपण दिसू लागले. दोन्ही वाहिन्या एकाच संस्थेच्या, खर्च एकदाच, आणि प्रेक्षकाला बटण दाबण्याची गरज नाही. रात्री एक वाहिनी दुसरीच्या हाती सूत्रे देते आणि सकाळी परत घेते.

महाराष्ट्रात हे घडले नाही, आणि त्यामागे आवडीनिवडीपेक्षा परवान्याचा भाग मोठा आहे. भारतात उपग्रह वाहिनीला परवानगी घेताना ती ‘बातम्या व चालू घडामोडी’ची आहे की बिगर-बातमी, हे सांगावे लागते. बिगर-बातमी वाहिनीने बातम्या दाखवायच्या नाहीत. २००३ मध्ये बातम्यांच्या वाहिन्यांतील परकीय भांडवलावर २६ टक्क्यांची मर्यादा आली (ती २०१५ मध्ये ४९ टक्के झाली); मनोरंजनावर तशी मर्यादा नव्हती. परिणामी एकाच नावाच्या दोन वाहिन्या कायद्याच्या दृष्टीने परक्या होऊ शकत. स्टार माझा ही बातम्यांची वाहिनी आनंद बाजार पत्रिका समूहाचे बहुमत असलेल्या कंपनीची होती, तर स्टार प्रवाह ही मनोरंजन वाहिनी थेट स्टारची. नाव एक, बोधचिन्हातला तारा एक, पण रात्री बारानंतर प्रवाहाने माझाचे चित्र उचलून दाखवावे, हे शक्य नव्हते. ज्या मनोरंजन वाहिन्यांकडे बातम्यांची परवानगी होती त्यांच्यावरही बातम्यांचा वेळ आक्रसत गेला. मालिकेच्या दोन भागांमध्ये बातमीपत्र ठेवले की प्रेक्षक उठतो, हा त्यांचा अनुभव होता. सह्याद्री ही सरकारी वाहिनी असल्याने तिच्यावर मालिका आणि बातम्या शेजारी-शेजारी राहिल्या. बाकी मराठी दूरचित्रवाणीत बातमी आणि करमणूक यांनी वेगळी घरे केली. इंग्लंडमध्ये जे हस्तांतरण रोज मध्यरात्री होत होते, ते मराठीत एकदाच, काही वर्षांत, कायमचे झाले.

त्याआधीचा शेवटचा मोठा प्रसंग २६ जुलै २००५ चा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. देशात तोवर आज तक, एनडीटीव्ही, स्टार न्यूज अशा हिंदी-इंग्रजी वाहिन्या चोवीस तास चालत होत्या. दूरदर्शननेही ३ नोव्हेंबर २००३ पासून डीडी न्यूज सुरू केली होती. मराठीत अशी एकही वाहिनी नव्हती. पाण्यात अडकलेल्या माणसाच्या घरच्यांनी रात्री बातम्या लावल्या तर त्या हिंदीत होत्या, आणि ज्या भागांत पाणी सर्वात जास्त चढले तेथे वीजच नसल्याने पडदा काळा होता. त्या रात्री उपयोगी पडला तो बॅटरीवर चालणारा रेडिओ.

मराठीतील पहिली चोवीस तास बातम्यांची वाहिनी, झी २४ तास, २००७ मध्ये सुरू झाली. २२ जून २००७ रोजी स्टार माझा आली. राजीव खांडेकर तिचे संपादक, आणि १ जून २०१२ पासून तिचे नाव एबीपी माझा झाले. ६ एप्रिल २००८ रोजी, गुढीपाडव्याला, आयबीएन लोकमत सुरू झाली. निखिल वागळे तिचे संपादक होते, आणि तीच आजची न्यूज१८ लोकमत. त्याच वर्षी सकाळ समूहाची साम आली. तिचे कार्यालय सीबीडी बेलापूरला, म्हणजे कामोठ्यापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. त्यानंतर टीव्ही ९ आणि जय महाराष्ट्र. पाच-सहा वर्षांत मराठीत रात्री जाग्या असणाऱ्या पाच-सहा वाहिन्या झाल्या.

कामोठे याच वर्षांत वाढत होते. बेलापूर-पनवेल रेल्वे १९९८ मध्ये सुरू झाली, मानसरोवर स्थानकाभोवती इमारती उभ्या राहिल्या, आणि मुंबईत घर न परवडणारी, त्यात पश्चिम महाराष्ट्रातून आलेली पुष्कळ, कुटुंबे येथे स्थिरावली. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि कामोठे तिच्यात आले. या वस्तीला जुन्या अर्थाने रात्र नाही. शीव-पनवेल महामार्ग शेजारून जातो, पलीकडे कळंबोलीचा लोखंड बाजार आणि ट्रकचे तळ, वस्तीतच मोठे रुग्णालय, आणि मध्यरात्रीनंतर मुंबईहून सुटणारी शेवटची पनवेल लोकल दोनच्या आसपास उरलीसुरली माणसे आणून सोडते. सुरक्षारक्षकाची चौकी, रात्रभर उघडे औषधाचे दुकान, रुग्णालयातला प्रतीक्षा कक्ष येथे दोन वाजता जो पडदा चालू असतो त्यावर बहुधा मराठी बातम्याच असतात. आवाज बंद असतो. खाली धावणारी अक्षरपट्टी, जिला वृत्तवाहिन्यांत टिकर म्हणतात, वाचली की पुरते. रात्रीची बातमी ऐकण्यापेक्षा वाचली जाते, हे वाहिन्यांच्या लक्षात फार लवकर आले.

या वाहिन्यांची खरी पहिली रात्र २६ नोव्हेंबर २००८ ची. स्टार प्रवाह दोनच दिवसांपूर्वी, २४ नोव्हेंबरला सुरू झाली होती. नव्या मालिकांची जाहिरात शहरभर होती. रात्री साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास लिओपोल्ड कॅफे आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला. सुरुवातीला टोळीयुद्ध असावे असा समज होता. मग ताज, ट्रायडंट, नरिमन हाउस, कामा रुग्णालय. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे शिरस्त्राण चढवताना आणि बुलेटप्रूफ जाकीट घालताना पडद्यावर दिसले, आणि तीच दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवली जात असताना मध्यरात्रीनंतर त्यांच्या मृत्यूची बातमी आली. साठेक तास, २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत, प्रक्षेपण थांबले नाही. ज्या वाहिन्यांकडे रात्रपाळीला मूठभर माणसे असत त्यांनी सारी माणसे रस्त्यावर उतरवली. वार्ताहर जमिनीवर पालथे पडून बोलत होते.

या साठ तासांनी सलग बातम्यांचे सामर्थ्य दाखवले आणि धोकाही. २८ नोव्हेंबरच्या सकाळी हेलिकॉप्टरमधून नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरणारे कमांडो सर्वांना दिसले, तसेच ते हल्लेखोरांना पाकिस्तानातून सूचना देणाऱ्यांनाही दिसू शकत होते. ती माणसे दूरचित्रवाणी पाहून सूचना देत होती हे दूरध्वनी संभाषणांवरून पुढे आले. जिवंत पकडला गेलेला हल्लेखोर कसाब याच्या खटल्यातील २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे मारले. २०१५ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद, आणि कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढेच. ही दुरुस्ती उशिरा आली असे म्हणता येईल. अनावश्यक होती असे म्हणता येत नाही.

अशा रात्री वर्षातून एखादी. उरलेल्या रात्रींचे काम अगदी वेगळे चालते. रात्री नऊ-दहापर्यंत चर्चांचे कार्यक्रम संपतात, अकराच्या सुमारास शेवटचे मोठे बातमीपत्र होते. त्यानंतर वृत्तनिवेदक घरी जातो. त्याने जाण्यापूर्वी वाचून ठेवलेले, किंवा दिवसभरातली कात्रणे जोडून केलेले बातमीपत्र मध्यरात्रीनंतर फिरत राहते. अर्ध्या तासाचे चक्र, मध्ये जाहिराती, मग तेच चक्र; याला ‘लूप’ म्हणतात. मास्टर कंट्रोल रूममध्ये, म्हणजे जेथून चित्र उपग्रहाकडे जाते त्या खोलीत, एक-दोन तंत्रज्ञ असतात. डेस्कवर एखादा-दुसरा उपसंपादक असतो. वार्ताहरांना कामे नेमून देणाऱ्या असाइनमेंट विभागात एक जण फोन आणि व्हॉट्सॲपचे गट पाहत बसतो. रात्री खरोखर ‘थेट’ असतो तो बहुतेक वेळा टिकर. चित्र साडेदहाचे, अक्षरे अडीचची. महामार्गावर अपघात झाला की जिल्ह्यातला अर्धवेळ वार्ताहर मोबाइलवर चित्रफीत पाठवतो, टिकरवर ओळ पडते, आणि ओळ मोठी ठरली तर ‘फोनो’ घेतला जातो, म्हणजे वार्ताहराचा स्थिर फोटो आणि त्याचा दूरध्वनीवरचा आवाज. पहाटे पाच-साडेपाचला सकाळची पाळी येते. राशिभविष्य, देवदर्शन आणि शंभर बातम्या भराभर सांगणारे बातमीपत्र यांनी दिवस उघडतो.

चोवीस तासांतले मध्यरात्रीनंतरचे तास वाहिनीच्या जमाखर्चात जवळपास मोजलेच जात नाहीत. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा ‘दिवस’ पहाटे दोनला सुरू होऊन दुसऱ्या पहाटे दोनला संपतो. तक्त्यात तो ०२:०० ते २५:५९ असा लिहितात. रात्री बाराला तारीख बदलते हे कॅलेंडरला मान्य, दूरचित्रवाणीला नाही. सरकारचाही हिशेब असाच आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वाहिन्यांना रोज अर्धा तास जनहिताचा मजकूर दाखवायला सांगितले, आणि मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात दाखवलेला मजकूर त्यात धरला जाणार नाही असे पुढे स्पष्ट केले. उलट २०१७ मध्ये निरोधच्या जाहिराती दाखवायच्या तर रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळात, अशी सूचना आली होती. चांगले ते रात्री दाखवले तर मोजायचे नाही आणि अडचणीचे ते रात्रीच दाखवायचे, असा हा दुहेरी न्याय आहे. जेथे मोजमाप नाही तेथे खर्चही होत नाही, आणि म्हणून लूप चालते.

लूप चालू असतानाच राजकारण घडू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार हे ठरल्याची बातमी देऊन वर्तमानपत्रे छपाईला गेली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठवली गेली, आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. घरात पडलेल्या ताज्या वर्तमानपत्रात एक सरकार होते आणि पडद्यावर दुसरे. ‘पहाटेचा शपथविधी’ हा शब्दप्रयोग मराठीत रुळला तो त्या दिवसापासून. त्यानंतर वाहिन्यांनी राजकीय पेचाच्या रात्री लूपवर सोडणे कमी केले. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे बंडखोर आमदार सुरतेहून गुवाहाटीला नेले गेले तेव्हा विमानतळांचे दरवाजे, मोकळे रस्ते आणि हॉटेलांच्या काचा रात्रभर दाखवल्या गेल्या. त्यात बातमी थोडी होती, वाट पाहणे जास्त. पण कोणी झोपले नव्हते.

वर्षभराने रात्रीची बातमी कामोठ्याच्या जवळ आली. १९ जुलै २०२३ रोजी रात्री साडेदहा ते अकराच्या दरम्यान खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या उतारावरची ही ठाकर आदिवासींची वाडी, कामोठ्यापासून सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. पन्नासच्या आत घरे आणि सव्वादोनशेच्या आसपास माणसे. पावसाची संततधार होती आणि वाडी झोपली होती. वाडीच्या कडेला शाळेत मोबाइल घेऊन जागत बसलेल्या काही तरुणांनी आवाज ऐकला आणि खाली खबर दिली, असे नंतरच्या बातम्यांत आले. तासाभरात जिल्हा यंत्रणेला कळले, आणि मध्यरात्रीनंतर मराठी वाहिन्यांच्या टिकरवर वाडीचे नाव होते.

किल्लारीच्या वेळी पडदा बंद होता. येथे तो चालू होता आणि त्यावर अंधार दिसत होता. वाडीला रस्ता नव्हता. पायथ्यापासून चिखलाच्या निसरड्या वाटेने तासाहून अधिक चढण, त्यामुळे यंत्रे वर नेता येईनात आणि प्रक्षेपणाच्या गाड्याही खालीच थांबल्या. मुंबई आणि बेलापूरहून निघालेले वार्ताहर पायथ्याशी पोचले ते पाठीवरच्या पिशवीतली मोबाइल सिमवर चालणारी प्रक्षेपण यंत्रे घेऊन. पडद्यावर दिसत होता तो पाऊस, विजेऱ्यांचा उजेड आणि चढणाऱ्या माणसांची रांग. नवी मुंबईहून मदतीला गेलेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान कुदळ-फावड्याने माती उपसत होते. सकाळी तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे तेथे पोचले आणि मग वाडीची पहिली स्पष्ट दृश्ये आली: हिरव्या उतारावर मातीचा तपकिरी पट्टा, आणि त्याच्या कडेला उरलेली काही छपरे. २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. २७ मृतदेह सापडले होते. ५७ माणसांची नावे बेपत्ता म्हणून नोंदवली गेली.